घोडीच्या गुडघ्यात मी घातलेलं पाणी

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मोकळी. मी एकदा घोडीच्या गुडघ्यातल्या वंगणात पाणी घातलं. गुडघ्यातून सुईनं काढून आणलेलं वंगण होतं, काचेच्या नळीत ओतायचं होतं, आणि ते जरा कमी पडत होतं. अवेळी पाहुणे आले की आपण आमटीत घालतो ना, तितक्याच चांगल्या मनानं मी त्यात पाणी घातलं, आणि नळी खुणेपर्यंत भरली तेव्हा स्वतःवर खूशही झाले.

हा किस्सा निघाला की धाकटी नात दर वेळी विचारते, "आजी, मग घोडी मेली?"

"मेली असती तर मी तुला असं हसत हसत सांगितलं असतं का गं?"

"तू सांगितलं असतंस," ती म्हणते. पोर मला ओळखून आहे.

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची, चेन्नईतली. ह्यांची बदली संरक्षण खात्याच्या कारखान्यात झाली होती आणि आम्ही अण्णा नगरात राहत होतो. हे तपासणी विभागात. केसभर माप चुकलं की सुटा भाग परत पाठवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या पोळ्यांच्या गोलाईकडे त्याच नजरेनं बघायचे. मुलं शिकायला बाहेर. मी सत्तेचाळीस वर्षांची. तेव्हा मला वाटायचं, आपलं सगळं शिकून झालं. आता सत्तरी उलटल्यावर कळतंय की सत्तेचाळीस हे पोरवय होतं, आणि ती बाई, म्हणजे मी, अंमळ शेफारलेलीच होती. रसायनशास्त्राची पदवी ट्रंकेत लोकरीच्या कपड्यांखाली पडून होती. चेन्नईत दोन्ही गोष्टींचा उपयोग सारखाच.

मराठी मंडळींच्या गणपतीत एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी माझी आमटी दोनदा मागून घेतली. ते तंजावरकडचे मराठी. जनावरांचे डॉक्टर, त्यातही घोड्यांचे, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांची मराठी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी होती आणि मधूनच तिला तमिळ हेल यायचा.

"रसायन शिकलां म्हणतां. मग घरीं काय करतां?" त्यांनी विचारलं.

"स्वयंपाक."

"तेंही रसायनच की. सोमवारपासून या."

अशी माझी नेमणूक आमटीवर झाली. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझा घातही आमटीनंच केला.

डॉक्टरांची प्रयोगशाळा तिरुवल्लिकेणीत, त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर. कुत्र्यांचं रक्त, गाईंचं दूध, कोंबड्यांचं जे काय असेल ते, असं दिवसभर तपासायला यायचं. त्यावर घर चालायचं. पण डॉक्टरांचा जीव घोड्यांत. त्यांची एक जाडजूड वही होती. डाव्या पानावर धडधाकट घोड्यांचे सांधे, उजव्या पानावर दुखऱ्या घोड्यांचे. प्रत्येक सांध्यातलं वंगण किती दाट आहे, एवढंच त्या वहीत लिहिलेलं असायचं. कोणी विचारलं, हे कशासाठी, तर म्हणायचे, "आमचे पूर्वज घोड्यावर बसून येथवर आले. आपण त्याचें कांहीं तरी देणें लागतों. तुम्ही रेल्वेनं आलां, तुम्हांस नाही कळणार."

मला पहिल्या आठवड्यात त्यांनी ते वंगण बोटांत धरायला लावलं. हातमोजा घालून, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक थेंब. बोटं सावकाश लांब केली तर मध्ये बारीक तार उभी राहिली, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी चकचकीत. चार बोटं लांब झाली तरी तुटेना.

"हें चांगलें," डॉक्टर म्हणाले. "आतां हें पाहा." दुसऱ्या बाटलीतला थेंब बोटं विलग केल्याबरोबर ओघळून गेला. "हा घोडा लंगडतो."

"पाकासारखंच की," मी म्हणाले. "एक कच्चा आणि एक पक्का."

"पाक थंड झाल्यावर दगड होतो, बाई. हें त्याहून शहाणें असतें. घोडा धावूं लागला की पातळ होऊन वाट देतें. उभा राहिला की पुन्हां दाट होऊन दोन हाडांमधें गादीसारखें बसतें. सूज आली की त्यांतल्या लांब लांब साखळ्या तुटतात, सांध्यांत पाणी शिरतें, आणि तें शहाणपण जातें. मग धांवा की उभे राहा, तें आपलें पाण्यासारखें."

बोटांवर त्यांचा भरवसा होता, पण वहीत लिहायला नळी लागायची. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली काचेची नळी. ती घोड्याच्या अंगाइतक्या कोमट पाण्यात उभी करायची. एका तोंडानं वंगण खुणेपर्यंत भरायचं, रबरी फुग्यानं वर खेचायचं आणि सोडून द्यायचं. वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो, ते स्टॉपवॉचवर बघायचं. काम माझं.

माझ्या टेबलासमोर खिडकी आणि खिडकीसमोर मॅन्शन. मॅन्शन म्हणजे त्या भागातली ब्रह्मचाऱ्यांची खोल्याखोल्यांची इमारत. कठड्यावर लुंग्या वाळत असायच्या आणि सकाळी प्रत्येक खिडकीत एक आरसा आणि एक फेसाळलेला गाल. धडधाकट घोड्याचं वंगण नळीतून उतरेपर्यंत तीन मुलांच्या दाढ्या होऊन जायच्या. दुखऱ्याचं असेल तर एक गालसुद्धा व्हायचा नाही. महिन्याभरात मला स्टॉपवॉचशिवाय अंदाज यायला लागला. हे मी ह्यांना अभिमानानं सांगितलं. हे म्हणाले, "परक्या पुरुषांच्या दाढ्या बघायचा पगार देतात तुला?"

तर ती घोडी. नाव होतं तिला, चांगलं होतं, पण सांगत नाही, तिचाही मान असतो. मरीनाच्या वाळूवर पोराटोरांना फेरी मारून आणणारी विटकरी रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली. तिचा मालक पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा. तिरुवल्लिकेणीच्या मागच्या गल्लीत एका पत्र्याखाली घोडी बांधायचा आणि शेजारीच खोलीत राहायचा. बायको नव्हती, मुलगी लग्न होऊन गेली होती. ती घोडी आणि तो. तो दखनी बोलायचा, मी हिंदी. माझं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जरा ओरडून. त्याच्या बोलण्यात आपला "नको" आणि आपला "च" ऐकला की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं व्हायचं.

घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली. डॉक्टर सकाळी तिथे गेले, गुडघ्यात सुई घातली, आणि थोडंसं येतंय तोवर घोडीनं पाय झटकला. सुई निघाली. जे आलं ते आलं. डॉक्टरांना दुपारच्या गाडीनं तंजावरला लग्नाला जायचं होतं. बाटली माझ्या हातात दिली, म्हणाले, "आजच मोजा. मी फोन करतों," आणि पिशवी घेऊन निघाले.

मी नळीत वंगण ओतलं. खुणेच्या निम्म्यावर थांबलं.

आता कुठल्याही शहाण्या माणसानं वहीत लिहिलं असतं, द्रव कमी पडला, माप झालं नाही. पण ती सत्तेचाळीस वर्षांची शेफारलेली बाई ज्या घरात वाढली होती, तिथे स्वयंपाकघरात "कमी पडलं" हे शब्द बंद होते. नाही, संपलं, पुरलं नाही, असं बाईमाणसानं बोलायचं नाही. ऐन वेळी आठ माणसं आली तरी माझी आई चेहऱ्यावरची रेघ हलू न देता आमटीत तांब्या उपडा करायची, वर चिमूटभर मीठ, आणि पंगत उठेपर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. तो गुण माझ्यात पुरेपूर उतरला होता. शेजारीच सलाइनची बाटली. मिठाचं पाणीच की ते! मला तर वाटलं, आई वरून बघत असेल तर म्हणेल, शिकली हो माझी पोर.

खुणेपर्यंत भरलं, हलवलं, फुग्यानं वर खेचलं, सोडलं. समोरच्या मुलानं ब्रशला साबण लावला तेवढ्यात सगळं खाली. मी पुन्हा केलं. तेच.

एवढं पातळ मी आजवर पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर थोडा रुबाबही वाटला. एवढं मोठं निदान माझ्या हातून होत होतं! संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, मागे सनई आणि आरडाओरडा.

"पाण्यासारखं उतरलं," मी म्हणाले.

"पाण्यासारखं? अय्यो." मग मधलं काही ऐकू आलं नाही, मग, "सवारी बंद म्हणून सांगा त्यास. मी आलों की पाहतों."

त्यांनी सांगितलं ते एवढंच. बाकीचं मी माझ्या पदरचं घातलं. माझा हातच तसा, सढळ.

दुसऱ्या दिवशी मी पत्र्याखाली गेले. तो घोडीच्या मानेवर हात ठेवून उभा होता. मी त्याला वही दाखवली, जणू त्याला आकडे कळणार होते. म्हणाले, आतलं वंगण पाणी झालंय, आता ही कुणाला पाठीवर घेणार नाही.

"आराम दिये तो बी नै, अम्मा?"

"नहीं. खतम."

जन्मात जी बाई मिठाच्या बरणीपुढे "संपलं" म्हणाली नाही, ती एका जिवंत घोडीसमोर "खतम" म्हणून मोकळी झाली. घोडीनं एक कान माझ्याकडे वळवला. तो मला आजही दिसतो. मालक खाली वाकला. गवताची एक काडी उचलून त्यानं ती दोन-तीन वेळा मोडली.

डॉक्टर बुधवारी आले. चहा पीत वही उघडली आणि कप खाली ठेवला.

"बाई, हें त्या घोडीचें?"

"हो."

"नव्हे. सुई बाहेर आली तेव्हां टोंकास तार लोंबत होती. मी डोळ्यानं पाहिलों. आणि गुडघा फार सुजलाही नव्हता. वंगण खराब झालें तर सांधा पाण्यानं फुगतो, येथें तर थेंब निघण्याची मारामार. मग नळींतून असें कसें धांवलें?"

"मी दोनदा मोजलं," मी जरा फणकाऱ्यानंच म्हणाले.

"कसें मोजलां, करून दाखवा."

आणि मी दाखवलं हो! दुसऱ्या एका घोड्याचं थोडं वंगण होतं, ते नळीत घातलं, निम्म्यावर थांबलं, तशी सलाइनची बाटली उचलली आणि त्यांच्या देखत ओतली. चेहऱ्यावर सुगरणीचं हसू. वर म्हणाले, "कमी होतं ना, म्हणून जरा वाढवून घेतलं."

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी ती नळी उजेडात धरून पाहिली.

"बाई," ते म्हणाले, "घोडीच्या गुडघ्याचें तुम्ही रसम केलांत."

मग मला कळलं. एकदम नाही. आधी हातातली बाटली खाली ठेवली, मग कळलं. आपण मोजलं ते घोडीचं दुखणं नव्हे, आपण घातलेलं पाणी मोजलं.

"त्यास काय सांगितलांत?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं.

"खतम? मी तर सवारी बंद एवढेंच म्हणालों!" आता ते उभे राहिले. "त्या माणसाकडे दुसरें कांहीं नाही. घोडी कामाची नाही म्हटल्यावर दलाल येऊन घेऊन जातो. कोठें नेतो, तें विचारूं नका. जा. आधीं जा."

मी गेले. त्या वाटेवर फुलवाले, देवळाची गर्दी, केळीच्या पानांचा ढीग, सगळं नेहमीसारखंच असणार. मला काहीच आठवत नाही. पत्र्याखाली पोचले तर खुंट मोकळा. दोरी गुंडाळून वर टांगलेली.

शेजारच्या बाईनं तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. इतक्या वर्षांत माझी तमिळ भाजीवाल्यापुरती. त्यातलं मला "कडल" एवढं कळलं, समुद्र. मी वाळूकडे धावले. धावले म्हणजे, पन्नाशीला टेकलेली नऊवार नव्हे पण कडक सुती साडीतली बाई मरीनाच्या वाळूत जितकी धावते तितकी. मरीना दुरून दिसते त्याहून फार रुंद आहे. एक चप्पल वाळूत राहिली, ती परत आणायला गेले नाही.

पाण्याच्या कडेला तो घोडीला अंघोळ घालत होता. ओंजळीनं तिच्या पाठीवर पाणी टाकत होता आणि तळव्यानं निपटत होता.

मी धापा टाकत म्हणाले, "भाईसाब, बेच दी क्या?"

"शुक्रवारकु आता वो. नमाज के बाद." त्यानं वर पाहिलं नाही. "साफ करके देनाच ना."

मग मी सांगितलं. सगळं. मापात चूक झाली म्हणून भागवता आलं असतं, तसं मनात आलंही होतं वाटेत. यंत्र बिघडलं म्हणावं, काच तडकली म्हणावं. पण त्या घोडीचा तोच कान पुन्हा माझ्याकडे वळला. मी म्हणाले, तेल कमी था, तो मैंने उसमें पानी डाला. जैसे सांबार में डालते हैं, वैसा.

तो सरळ उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, मग मागे पसरलेल्या त्या अख्ख्या बंगालच्या उपसागराकडे पाहिलं.

"सामने इत्ता बडा समंदर है, अम्मा," तो म्हणाला. "पानी डालनेकु तुमना मेरी घोडीकाइच घुटना मिला?"

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. तो मात्र हसला नाही.

"फिर अच्छी है ये?"

इथे मी पुन्हा पाणी घालू शकले असते. "हो, अच्छी है" म्हणणं किती सोपं होतं! पण मी निघताना डॉक्टर म्हणाले होते, सुई लगेच पुन्हा घालता येणार नाही, आठ-दहा दिवस जाऊ द्यायला हवेत. तोवर कुणालाच काही सांगता येणार नव्हतं. आणि दलाल शुक्रवारी येणार, एकदा परत पाठवला तर पुन्हा फिरकणार नाही. बसून खाणारी घोडी, गवत, हरभरा. हे सगळं त्याच्या डोक्यात चाललेलं मला दिसत होतं.

"मालूम नहीं," मी म्हणाले. आयुष्यात इतकं जड वाक्य मी बोलले नव्हते. "सचमुच मालूम नहीं. दस दिन रुको, तो मालूम होगा. शायद खराब निकलेगा."

एक लाट आली, त्याच्या घोट्यांवरून आणि घोडीच्या खुरांवरून परत गेली. त्यानं घोडीच्या त्या गुडघ्यावर हात फिरवला.

"मालूम नै," त्यानं स्वतःशीच म्हणून पाहिलं. "खतम से तो अच्छा है, अम्मा."

शुक्रवारी मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले. दलालाला सांगितलं, गलती माझी, या माणसाची नाही. दलालानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि काही न बोलता निघून गेला. माझ्यासारख्या बाईशी बोलण्यात त्याचा फायदा नव्हता.

घरी ह्यांना सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे चिडतील. मापाचा माणूस. हे जेवता जेवता थांबले, वाटीतल्या आमटीत चमचा फिरवला आणि म्हणाले, "तू पाणी घालतेस हे मला सत्तावीस वर्षं माहीत आहे. घोडीला आत्ता कळलं." आणि मग वाटी पुढे केली. "वाढ अजून."

दहा दिवसांनी डॉक्टरांनी पुन्हा सुई घातली. घोडीचं तोंड मालकानं छातीशी धरलं होतं, कानात काहीतरी पुटपुटत होता. याही वेळी थेंब थोडेच आले. डॉक्टरांनी बाटली माझ्यासमोर धरली. 

"कमी आहे," मी म्हणाले. "नळीला पुरणार नाही."

"मग वहींत काय लिहाल?"

"द्रव कमी. नळीचं माप घेतलं नाही."

"पाहा," डॉक्टर म्हणाले, "शाई तेवढीच लागते."

मग बोटांवर घेतलं. हातमोजा, अंगठा, तर्जनी. डॉक्टरांनी माझं मनगट धरलं. बोटं सावकाश विलग केली. तार उभी राहिली. एक बोट झालं. दीड. दोन. मालक श्वास धरून बघत होता, त्याला त्या तारेचा अर्थ कुणी सांगितला नव्हता तरी. दोन बोटांच्या जरा पुढे तुटली.

चार नाही. पण ओघळूनही गेलं नाही. डॉक्टरांनी घोडीला वहीत उजव्या पानावर लिहिलं, पण अगदी डाव्या कडेला चिकटून. म्हणाले, दुखतें आहे, पण मोडलें नाही. काही महिने पाठीवर कोणी बसायचं नाही. रोज सकाळी उथळ पाण्यातून हळूहळू चालवायचं. औषध दिलं ते वेगळं.

ते महिने त्या माणसानं कसे काढले, ते मी पूर्ण जाणत नाही. सकाळी घोडी चालवायचा आणि नंतर मासळीबाजारात बर्फाच्या पाट्या उचलायला जायचा, एवढं कळलं. मी आठवड्यातून एकदा बसमधून एक थांबा आधी उतरायचे आणि भिजवलेल्या हरभऱ्याची पिशवी खुंटाला अडकवून जायचे. प्रायश्चित्त वगैरे मोठे शब्द नकोत. मला फक्त त्या कानाशी समेट करायचा होता. पिशवी बघून घोडी कान वळवायची, खायची आणि पाठ फिरवायची. सासूबाईंची आठवण यायची.

पोंगल होऊन गेल्यावर डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सुई घातली. या वेळी घोडी शहाण्यासारखी उभी राहिली आणि बाटलीत भरपूर आलं. मी नळी धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. सलाइनची बाटली उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली, माझा माझ्यावर भरवसा नव्हता. पाण्याचा कोमटपणा तीनदा पाहिला. खुणेपर्यंत भरलं. भरून वर उरलं.

सोडलं.

समोर एका मुलानं साबण लावला. वंगण वरच्या रेघेवरून निघालं आणि अंगावर दुलई घेतल्यासारखं सावकाश उतरायला लागलं. त्याचा एक गाल झाला. दुसरा झाला. त्यानं तोंड धुतलं. शेजारच्या खिडकीत दुसरा आला, फेस लावला. नळीत अजून उतरतच होतं. दुसऱ्याची दाढी संपत आली तेव्हा ते खालच्या रेघेला लागलं. पुन्हा मोजलं. तेच. तिसरा मुलगा आरशापुढे यायच्या आत, म्हणजे धडधाकट घोड्याइतकं नाही. पण दोन दाढ्या! उजव्या पानावरच्या कुठल्याच घोड्यानं मला दोन दाढ्या दाखवल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी आकडा पाहिला. माझ्याकडे पाहिलं. घोडीची ओळ त्यांनी डाव्या पानावर लिहिली, अगदी उजव्या कडेला चिकटून. "लहान मुलें बसोत," ते म्हणाले. "मोठे नकोत. आणि पळवायचें नाही. जा, सांगून या. तुम्हीच जा."

मी वही घेतली नाही. पत्र्याखाली तो घोडीचे खूर साफ करत बसला होता. मी म्हणाले, वंगण दाट झालंय, भरपूर होतं, मी दोनदा मोजलं, लहान मुलांना बसवायला हरकत नाही.

तो उठला. लुंगीला हात पुसले.

"पानी?" त्यानं विचारलं.

"एक बूंद नहीं."

त्यानं माझ्याकडे थोडा वेळ रोखून पाहिलं. मग बाजूला सरला, मला घोडीच्या तोंडापर्यंत जायला वाट करून दिली, आणि म्हणाला:

"उस दिन खराब खबर इसके सामनेइच बोले थे ना, अम्मा? अब अच्छी खबर बी तुमीच इसके कान में बोलो. मैं बोला तो नै मानती."